दुसऱ्याच्या घरचं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘कम्फर्ट झोन’ हा शब्द हल्ली फार कानावर पडतो. नोकरीच्या मुलाखतीत, कंपन्यांच्या शिबिरांत, कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावलेल्या पाहुण्यांच्या भाषणात. कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा म्हणजे बढती मिळवा, परदेशी जा, चार लोकांसमोर उभं राहून बोलायला शिका, असा त्याचा साधारण अर्थ. आता हा शब्द आमच्या चर्चमध्येही येऊन पोचला आहे. या विषयावरची निदान चार-पाच प्रवचनं मी ऐकली असतील. त्यांत दोन उदाहरणं हमखास असतात. एक अब्राहामाचं. वयाच्या ७५व्या वर्षी बसलेली घडी मोडून, कुठे जायचं ते ठाऊक नसताना, देवाच्या शब्दावर तो निघाला. दुसरं पेत्राचं. वादळात हेलकावणाऱ्या नावेतून तो उतरला आणि पाण्यावर चालू लागला.

उदाहरणं चांगलीच आहेत. पण पाण्यावर चालण्याचा प्रसंग तुमच्या-माझ्या वाट्याला येण्याची शक्यता कमी. त्याच पेत्राची आणखी एक गोष्ट बायबलमध्ये आहे, प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात. तिथे वादळ नाही, लाटा नाहीत. आहे तो फक्त एका घराचा उंबरठा. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

पेत्र यापो नावाच्या समुद्रकाठच्या गावात उतरला होता. कुणाकडे, तर शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी. या धंद्याला त्या समाजात काय मान होता, हे आपल्याकडच्या माणसाला फोड करून सांगायला नको. दुपारची वेळ. पेत्र प्रार्थनेला गच्चीवर गेला. भूक लागली होती, खाली स्वयंपाक चालला होता. तेवढ्यात त्याला दृष्टान्त झाला. आकाशातून चारही कोपरे धरून सोडलेली एक मोठी चादर खाली आली. तिच्यात सगळ्या तऱ्हेचे पशू, सरपटणारे प्राणी, पक्षी. हे मारून खा, असा आवाज आला. पेत्राने साफ नकार दिला. निषिद्ध असं काही आपण आजवर तोंडात घातलेलं नाही, असं त्याने चक्क देवाला सांगितलं. तीन वेळा हे झालं. यातली गंमत अशी, की पेत्र इथे देवापेक्षा जास्त सोवळा आहे.

तो विचारात पडलेला असतानाच दारात तीन माणसं आली. कैसरियाच्या कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीने पाठवलेली. परक्या जातीचा, परक्या सत्तेचा लष्करी अधिकारी. पेत्राने त्या रात्री त्यांना ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघाला. तिथे पोचल्यावर त्याने सांगूनच टाकलं, की आम्हा यहुद्यांना परक्याच्या घरी जायची मोकळीक नाही. तरी तो आत गेला. पुढे कर्नेल्याचा आणि त्याच्या माणसांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या आग्रहावरून पेत्र काही दिवस तिथेच राहिला.

तो यरुशलेमला परतला तेव्हा त्याच्याच लोकांनी त्याला धारेवर धरलं. आक्षेप कशाला होता, ते नीट वाचायला हवं. बाप्तिस्मा का दिलास, असं त्यांनी आधी विचारलं नाही. तू त्या लोकांच्या घरात गेलास आणि त्यांच्या पंक्तीला जेवलास, ही तक्रार होती. धर्म कुणाला सांगावा यावर माणसं एकवेळ वाद घालतील. पण ताट कुणाबरोबर मांडायचं हा प्रश्न आला, की आतडंच पिळवटतं.

आणि पेत्राची गोष्ट इथेही संपत नाही. पुढे अंत्युखियात तो अशाच परराष्ट्रीय भावांबरोबर जेवत-खात होता. यरुशलेमहून काही वजनदार मंडळी आली आणि पेत्र हळूहळू त्या पंगतीतून मागे सरला. पौलाने हे पाहिलं आणि सगळ्यांसमोर त्याला तोंडावर सुनावलं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. उंबरठा एकदा ओलांडला की ओलांडला, असं होत नाही, हे त्यातून कळतं. साक्षात पेत्राचा पाय मागे आला.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. यापोची ती चादर महाराष्ट्रातही उतरली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांची कहाणी तुमच्यापैकी अनेकांनी शाळेतल्या धड्यात नाहीतर ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचली असेल. टिळक कोकणातले, चित्पावन ब्राह्मण, कवी, संस्कृतचे जाणकार. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर, जात, नातेवाईक, प्रतिष्ठा सगळं एका दिवसात सुटलं. टिळकांच्या या पावलाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

मला मात्र नेहमी वाटतं, की या घरात जास्त लांबचा पल्ला चालल्या त्या लक्ष्मीबाई. टिळकांना हाक ऐकू आली होती. लक्ष्मीबाईंना ती आली नव्हती. त्यांच्यावर ती येऊन आदळली. पदरात लहान दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि भोवती हळहळणारे, सल्ले देणारे नातलग. चार-पाच वर्षं त्या टिळकांपासून वेगळ्या राहिल्या. त्यात त्या वाढल्या होत्या कसल्या घरात? वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरात लहानपण काढलेली बाई नवऱ्याकडे परत आली, ती आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवण्याच्या बोलीवर. एकाच छपराखाली दोन धर्म, दोन चुली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

मग राहुरीच्या मुक्कामात विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं, की हे जातीचे भेद माणसाने केलेले आहेत, देवाने नव्हेत. कुणाचं व्याख्यान ऐकून नाही, की कुणाशी वाद हरून नाही. बसल्या जागी हे उमजलं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्याआधी ही पाण्याची सीमा त्यांनी मनाशी ओलांडली होती, आणि मला तोच खरा बाप्तिस्मा वाटतो. आमच्यातले काही धर्मशास्त्रज्ञ याला मान हलवणार नाहीत, पण माझं मत असं आहे.

इथे मला दुसऱ्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. कारण बाहेर पडणाऱ्या माणसाचं सगळे कौतुक करतात. ज्याच्या घरात तो जातो, त्या घराला कुणी विचारत नाही. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जी ख्रिस्ती मंडळी आहेत, त्यांतली बहुतेक मूळची महारवाड्या-मांगवाड्यांतली. माझे पणजोबाही तसेच. घरात एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कुणी वरच्या जातीचं माणूस कामासाठी दारात आलं, की पणजी तांब्याभर पाणी आणून ठेवायची आणि आत जाऊन फटीतून पाहायची, की तो पितोय का. बहुतेकदा तांब्या तसाच राहायचा. मग ती ते पाणी तुळशीला नाही, दारच्या शेवग्याला घालायची. ख्रिस्ती झाल्यावर तुळस गेली होती, तांब्या मात्र राहिला होता.

कर्नेल्याच्या घरातही असाच कुणीतरी फटीतून पाहत असेल. बायबल सांगतं, की पेत्र येणार म्हणून त्याने नातलग आणि जिवलग मित्र गोळा करून ठेवले होते. एवढा मोठा अधिकारी, पण पेत्र येताच तो त्याच्या पायाच पडला. पेत्राने त्याला उठवलं आणि मीही माणूसच आहे, असं सांगितलं. लक्ष्मीबाईंनी राहुरीला जो निर्णय घेतला, त्याने त्यांचं मन मोकळं झालं हे खरंच. पण अशा निर्णयाने कुणाच्या तरी घरचा तांब्या पहिल्यांदा रिकामा होतो, हे आमच्यासारख्यांना जास्त कळतं.

आता टिळकांकडे परत येते. त्यांचं पहिलं बाहेर पडणं सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याची चर्चा कमी होते. ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. या मिशनचं नगरचं ठाणं १८३१चं. शाळा, दवाखाना, वसतिगृह, बंगले, कंपाउंडची भिंत. या भिंतीची मी कधी थट्टा करणार नाही. ज्यांना गावच्या विहिरीवर जागा नव्हती, त्यांना त्या भिंतीच्या आत अक्षर मिळालं, औषध मिळालं, नावामागे लागलेला शेलका शब्द गळून पडला. पण आसऱ्याची भिंत पुढच्या पिढीला सोयीची होते. पगार ठरलेला, बाकं ठरलेली, भक्तिगीतांच्या चाली इंग्रजी, आणि बाहेरच्या जगाशी संबंध रविवारपुरता आणि नाताळापुरता. टिळकांना हे बोचत होतं. ख्रिस्त भजनातून, कीर्तनातून, टाळ-मृदंगातून का येऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी अभंग लिहिले, आणि आज मराठी चर्चमध्ये जी गीतं म्हटली जातात, त्यांत टिळकांचा वाटा फार मोठा आहे.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न. आयुष्याची घडी दुसऱ्यांदा बसलेली. ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र यावेत, अशी कल्पना होती. हिंदू समाजातून बाहेर पडलेला माणूस आता ख्रिस्ती संस्थेच्या चौकटीतून बाहेर पडला. दोन्हीकडच्या लोकांना ते अवघड वाटलं. ९ मे १९१९ला मुंबईत त्यांचं निधन झालं. म्हणजे दरबाराला जेमतेम दीड-दोन वर्षं मिळाली. संस्था म्हणून पाहिलं, तर प्रयोग फसला असंच कुणीही म्हणेल. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरं राहिलं. त्याचा बहुतांश भाग पुढे लक्ष्मीबाईंनी रचला. ज्या बाईला नवऱ्याने लग्नानंतर अक्षरओळख करून दिली, तिने त्याचं काव्य पुरं करत आणलं आणि वर ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी गद्याला एक नवं वळण दिलं.

टिळकांच्या घरात पैसा टिकत नसे. आला की कुणाला तरी दिलेला असायचा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण यावर पोट धरून हसतो, कारण लक्ष्मीबाई ते सांगतातच तसं. पण महिनाअखेरीला चूल कुणी पेटवायची, हा प्रश्न त्या हसण्याच्या खाली आहेच. घर सोडून देवाच्या मागे निघालेल्या पुरुषांची चरित्रं वाचताना मी हल्ली नेहमी शोधते, की त्यांच्या मागे दूधवाल्याचं बिल कुणी भागवलं. बाहेर पडणाऱ्याने हा हिशेब करावा. पंडिता रमाबाईंनी तो केला होता, असं दिसतं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ, उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या, तेव्हा नुसत्या दयेवर त्या थांबल्या नाहीत. केडगावला जमीन होती, तिथे ‘मुक्ती’ उभी राहिली. राहायला छप्पर, शेती, शिकायला कामधंदा. करुणेला कोठीघर लागतं.

हे सगळं जुनं झालं. आजच्या काळात एका साध्या मंडळीला बाहेर पडायचं, तर ते कसं दिसतं? माझ्या पाहण्यातली एक हकिगत सांगते. गाव, मंडळी, कारखाना कुणाचंच नाव घेत नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून, इतर जिल्ह्यांतूनही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. कारखान्याच्या आजूबाजूला पाचटाच्या, प्लास्टिकच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे चारला माणसं फडात जातात. मोठ्या मुलांसाठी कुठे कुठे साखरशाळा निघाल्या. पण तान्ही आणि रांगती मुलं फडातच, गाडीच्या सावलीत किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर.

काही वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघाने टूम काढली, की यंदा नाताळची गाणी गावातल्या ख्रिस्ती घरांपुढे न म्हणता कोप्यांवर जाऊन म्हणायची. मंडळीत वाद झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, उगाच गैरसमज होईल, धर्मांतर करायला आले म्हणतील. त्यांचं भय अगदीच पोकळ नव्हतं. दुसरे म्हणाले, तिथे येशूचं नाव घ्यायचं नसेल, तर जायचंच कशाला? शेवटी पोरं गेली. गिटार, कंदील, केकचे तुकडे. मुकादमाने विचारलं, कशाला आलात? आमचा एक मुलगा म्हणाला, सण आहे, गोड द्यायला आलो. मुकादम म्हणाला, द्या, पण सभा नको. दोन गाणी झाली. मुलं गोळा झाली, केक संपला.

निघताना एका बाईने तरुण संघाच्या मुलीला गाठलं. अंगावर मुलगी झोपलेली. ती म्हणाली, “ताई, गाणं लई गोड होतं. पण उद्या पहाटेला हिला सांभाळाल का? काल इंगळीनं डसली असती.”

आमच्या पोरांकडे याचं उत्तर नव्हतं. एक संध्याकाळ देऊन परत यायची तयारी होती, पहाटेची नव्हती. पुढच्या रविवारी मंडळीत हे सांगितलं गेलं तेव्हा शांतता पसरली. गाण्यावर भांडणारे दोघेही ज्येष्ठ गप्प. मग महिला संघातल्या एक आजी उठल्या. वय पासष्टच्या पुढे, गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, “मी जाते. मला तसंही साडेतीनला जाग येते.”

त्यांच्यामागे आणखी दोघी निघाल्या. सुरुवातीला बाभळीखाली एक सतरंजी, पाण्याचा ड्रम, दुधाची पिशवी, खेळायला काडेपेटीच्या रिकाम्या खोक्या. पहिल्या दिवशी चारच मुलं. बायका पोरांना सोडायला तयार नव्हत्या. का सोडतील? कुणाची कोण ही माणसं? आठवड्याने नऊ झाली, मग चौदा. प्रार्थना म्हणायची नाही, गळ्यातला क्रूस झाकायचाही नाही आणि दाखवायचाही नाही, असं तिघींनी आपसांत ठरवलं. यावर आमच्यात अजूनही दोन मतं आहेत. मला त्यांचं पटतं. दुसऱ्याच्या दारात गेल्यावर कुठे बसायचं, हे त्या घराने सांगायचं असतं.

एक गोष्ट मात्र त्या तिघींच्या ध्यानात नव्हती. महिन्याभराने त्या अंगावर मुलगी असलेल्या बाईने फडातून परतल्यावर त्यांना कोपीत बोलावलं. भाकरी, ठेचा, वाटीभर पातळ आमटी. पाणी ड्रममधलं, कॅनॉलचं. आजींच्या बरोबरीच्या एक बाई निवृत्त परिचारिका. पाणी उकळलेलं नाही हे त्यांना दिसत होतं. त्यांनी मला नंतर सांगितलं, की त्या क्षणी पोटात गोळाच आला. आणि ती बाई हात न धुता चुलीपाशी बसून त्यांच्याकडे पाहत होती, की या जेवतात का. जेवल्या. पाणीही प्यायल्या. दुसऱ्या दिवशी परिचारिका बाई क्लोरीनच्या गोळ्या घेऊन गेल्या आणि ड्रममध्ये टाकताना त्या बाईला प्रमाणही शिकवलं.

मागच्या हंगामात मुलांची संख्या वीसच्या वर गेली होती. बाभळीची सावली पुरत नाही. कुडाचा आडोसा आणि वर पत्रे घालायचे, तर कारखान्याची परवानगी हवी, आणि आमच्या मंडळीच्या पंच कमिटीत खर्चाचा ठराव दोनदा पुढे ढकलला गेला आहे. चर्चच्या रंगकामाची निविदा त्याच्या आधी आहे. आजींचे गुडघे आता फारच दुखतात. त्यांच्या जागी तरुण संघातली ती मुलगी जायला लागली आहे, कॉलेजच्या आधी, स्कूटीवरून. टोळ्या पुन्हा येतील तेव्हा मुलं आणखी वाढलेली असतील, असं मुकादमाने निरोप पाठवून कळवलं आहे. पत्र्यांचं अजून ठरायचं आहे.